मामा निघाला आहे

१

माझ्या खोलीपासून सुमतीच्या घरापर्यंत दोन हजार एकशे बारा पावलं होतात. हे मी अंदाजाने लिहीत नाही. मोजणी खात्यात वीस वर्षं काढलेल्या माणसाचं पाऊल अडीच फुटांचंच पडतं, उन्हात काय नि चिखलात काय. शाळा माझी मराठी चौथीपर्यंत. पुढचं सगळं साखळी धरून शिकलो. आमची साखळी तेहतीस फुटांची. माझ्या दारापासून बहिणीच्या दारापर्यंत बरोबर एकशे साठ साखळ्या, म्हणजे एक मैल.

मी डोंबिवलीत स्टेशनच्या पूर्वेला राहत होतो. सुमती, माझी धाकटी बहीण, कोपर गावाच्या अलीकडे एका कौलारू घरात भाड्याने राहायची. पुढे ओटी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर. तिचे यजमान प्रभाकरराव रेल्वेत इगतपुरीला होते. ते महिन्यातून दोनदा यायचे. माझी पत्नी जाऊन नऊ वर्षं झाली होती, मूलबाळ नाही. त्यामुळे दुपारचा चहा बहिणीकडे, हा माझा नेम. उन्हाळ्यात मोजणीचं काम पहाटे सुरू करून बाराला थांबवावं लागतं. मग जेवण, थोडी झोप, आणि ठाकुर्लीच्या पॉवर हाऊसचा तीनचा भोंगा झाला की मी टोपी घालून निघायचो. आधी रेल्वेचं फाटक, नंतर चिंचेखालची विहीर, पुढे शेतांमधून बांधाची वाट, बांधाच्या वळणावर तीन ताड. ताडांपासून सुमतीचं घर दिसायचं.

रोजनिशीत याबद्दल एक ओळ असायची. ‘३ वा. निघालो. ३-२० पोचलो.’ एकोणपन्नास सालच्या एप्रिलच्या दहा तारखेपर्यंत या ओळीत कधी फरक पडलेला नाही. आत्ता पुन्हा पानं उलटून खात्री करून घेतली.

२

अकरा एप्रिलला, सोमवारी, शीलेला ताप आला. शीला सुमतीची एकुलती एक, आठ वर्षांची. चौथ्या दिवशी कल्याणहून डॉक्टर आले. मुदतीचा ताप आहे, म्हणाले, एकवीस दिवस घेईल. मुलगी अशक्त आहे, औषधापेक्षा शुश्रूषेवर भिस्त. दुपारी तीन-चारच्या सुमाराला ताप चढतो, तेव्हा तिला गुंगीत जाऊ देऊ नका. हाका मारा, गाणी म्हणा, काहीही करा, पण तिचं लक्ष इकडे ठेवा. एकविसावा दिवस पार पडला की मुलगी तुमची. हे शेवटचं वाक्य त्यांनी ओटीवर, सुमतीला ऐकू जाणार नाही अशा बेताने मला सांगितलं.

प्रभाकररावांना तार केली, पण त्यांना रजा मिळेना. हाका मारून दोन दिवस भागलं. तिसऱ्या दिवशी शीला हाकेला ओ देईना. सुमतीने तिचा हात हातात घेतला आणि काहीच सुचेना म्हणून ‘एक होतं गाव’ असं म्हणाली. शीलेने डोळे उघडले.

“आई, दिवसा नको,” ती म्हणाली. “दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो.”

आमच्या घरात ही शिस्त कडक होती. आमची आई दिवसा कधी गोष्ट सांगायची नाही. आम्ही मागे लागलो की ती तिच्या भावाचं नाव घ्यायची, आणि आम्ही गप्प. तीच शिस्त सुमतीने पुढे चालवलेली. ती गोष्टीचं पहिलं वाक्य बोलून थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी खाटेच्या पायथ्याशी बसलो होतो.

मी हसलो. मी म्हणालो, “अगं, तुझा मामा मोजणीदार आहे. तो वाट चुकला तर सरकारला सगळा ठाणे जिल्हा पुन्हा मोजावा लागेल.”

शीला हसली. सात दिवसांत पहिल्यांदा.

“सांग गं, सुमे,” मी म्हणालो. “माझी परवानगी आहे.”

हे वाक्य मी नोंदवून ठेवलं आहे. तारीख सतरा एप्रिल, रविवार.

३

सुमतीने ऐकलेल्या सगळ्या गोष्टी तीन दिवसांत संपल्या. दुपारचे दोन-अडीच तास भरून काढायचे म्हणजे गोष्टी किती लागतात, याचा अंदाज ज्याला गरज पडली त्यालाच येईल. मग तिने स्वतःच एक रचायला घेतली. एक मामा असतो. भाची आजारी आहे असं त्याला कळतं. तो खाऊ घेऊन तिच्याकडे निघतो. एवढंच तिला सुचलं होतं. पण शीलेला ती गोष्ट इतकी लागली की दुसरी नकोच म्हणायची. मामा आता कुठे आला, मग त्याला कोण भेटलं, मग किती राहिलं. प्रश्न विचारायचे म्हणून ती जागी राहायची.

मी रोज पोचायचो तेव्हा गोष्ट चाललेली असे. मला पाहिलं की सुमती तिथेच थांबायची आणि चहाला उठायची.

वीस तारखेला मी दोन हजार एकशे सत्तर पावलं चाललो. वहाणेचा अंगठा सैल झाला होता, त्यामुळे पाऊल आखूड पडलं असावं, अशी टीप मी लिहिली. एकवीस तारखेला दोन हजार तीनशे पाच. वहाण दुरुस्त केलेली होती. त्या दिवशी मी लिहिलं की शेतांत पालापाचोळ्याचा राब जाळत होते, धुरामुळे मोजताना चुकलो असेन.

बावीस तारखेला बांधाच्या वळणावर चार ताड होते.

मी थांबून मोजले. ताड काही रात्रीत उगवत नाही. तीन झाडं नेहमीची, ओळखीची. त्यांतल्या एकाला वीज पडल्याची काळी खूण होती. चौथं त्यांच्या जरा पलीकडे, तितकंच उंच, तितकंच जुनं. वारा पडलेला होता, तरी त्याचे झाप एकमेकांवर घासत होते. मी नेहमीपेक्षा भरभर चालत गेलो. घरी पोचायला पावणेचार झाले.

ओटीवर पाय धूत होतो तेव्हा आतून शीलेचा आवाज आला. क्षीण, पण स्पष्ट.

“मामा, तो चौथा ताड कुठला रे?”

सुमती हसत बाहेर आली. काय करू दादा, म्हणाली, मला पुढचं सुचेना, म्हणून म्हटलं की मामाला तीन ताडांच्या जागी चार दिसले आणि त्याला वाटलं, आपण भलत्याच वाटेला लागलो. चहा घेतला. साखर विसरली होती, तसाच प्यायलो.

४

आमच्या कामात शंका आली की पुन्हा मोजतात. तेवीस तारखेला सकाळी मी गोविंदाला बरोबर घेतलं. गोविंदा माझा साखळीवाला, बारा वर्षं माझ्या हाताखाली. तो पुढची मूठ धरून चालतो, मी मागची. साखळी ताणली की तो दोनदा झटका देतो, मग मी खूण करतो आणि आम्ही पुढे सरकतो. माझ्या दारापासून सुमतीच्या दारापर्यंत एकशे साठ साखळ्या भरल्या. ताड तीन होते. गोविंदाने विचारलं की साहेब, बहिणीच्या घराची वाट कुणी सरकारजमा करतंय काय. मी म्हटलं, करेल एखाद वेळेस.

त्याच दिवशी तीनचा भोंगा झाल्यावर आम्ही पुन्हा मोजायला सुरुवात केली.

विहिरीपर्यंत सगळं जुळलं. बांधाच्या वाटेला लागलो तेव्हा धूर जमिनीलगत पसरला होता आणि पुढे गेलेला गोविंदा मला दिसत नव्हता. साखळी ताणली गेली. दोन झटके आले. मी खूण करून पुढे निघालो. एका हाताने साखळी चाचपत गेलो. आमच्या साखळीला दर पाव भागावर एक पितळी चकती असते. म्हणजे तीन चकत्या, आणि त्यानंतर मूठ. माझ्या हाताला तीन चकत्या लागल्या. मग चौथी लागली. पाचवी, सहावी लागली. पितळ उन्हाने तापलेलं असायला हवं होतं, ते थंड होतं. अकराव्या चकतीला मी थांबलो. साखळी पुढे ताणलेलीच होती. दोन झटके आले.

“साहेब, चला की,” गोविंदाचा आवाज माझ्या मागून आला.

मी वळून पाहिलं. तो विहिरीजवळ, चिंचेच्या सावलीत उभा होता. म्हणाला, “मी कवाधरनं हितंच हाय. मूठ सुटली हातातनं, तुमी वढत गेलात.”

मी साखळी सोडून दिली. ती वाटेवरून धुरात सरसरत गेली, कुणीतरी गोळा करून घ्यावी तशी. गोविंदाने ती पाहिली. नंतर साखळी हरवल्याचा अर्ज मी लिहिला त्यावर त्याने मुकाट्याने अंगठा उठवला.

५

चोवीस तारखेला मी बाडबिस्तरा घेऊन सकाळीच सुमतीकडे राहायला गेलो. विचार सरळ होता. वाटच चालायची नाही, म्हणजे चुकायचा प्रश्न नाही.

शीलेच्या उशाशी बसलो. तिने डोळे उघडून मला पाहिलं. आनंद झाला तिला, हात पुढे केला. दुपारी सुमतीने गोष्टीचा धागा धरला तेव्हा ती म्हणाली, “पण मामा तर आला. संपली गोष्ट.” आणि भिंतीकडे तोंड करून डोळे मिटले.

सुमतीने दुसरी गोष्ट सुरू केली. तिसरी सुरू केली. मी हाका मारल्या, गालावर थोपटलं, पाण्याचा हबका दिला. चार वाजता शीलेचे डोळे अर्धवट उघडे होते, आणि आम्ही दोघं त्यांत नव्हतो. हात-पाय गार पडत चालले. कपाळ मात्र तव्यासारखं.

दूध घालणारी हौसाबाई मागच्या दाराशी उभी होती. गावातलीच म्हातारी, सुमतीला लेकीसारखी मानणारी. तिने सुमतीला बाजूला घेऊन सांगितलं की पोर कान लावून होती, आता कान काढलान. मग माझ्याकडे वळली.

“दादा, तुमी जरा बाहेर जावा,” ती म्हणाली. “पोरीला वाट बघूं द्या.”

मी मागच्या दाराने बाहेर पडलो आणि भिंतीला पाठ टेकून उभा राहिलो. आतून सुमतीचा आवाज आला. तो खरा मामा नव्हताच, असं ती सांगत होती. तो नुसता निरोप्या होता. मामा अजून वाटेवर आहे, निघाला आहे, त्याला उशीर झालाय. बराच वेळ तिचा एकटीचाच आवाज येत राहिला. मग शीला काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही, पण सुमतीचा आवाज रडवेला झाला आणि गोष्ट पुढे सरकली.

मी घराला वळसा घालून पुढच्या दाराशी जायला निघालो. घराची लांबी अठ्ठावीस फूट आहे. भिंत माझ्या उजव्या हाताला होती, तिचा चुना बोटांना लागत होता. कोपरा आला तेव्हा पाच वाजून गेले होते.

६

त्यानंतर मी माझ्या खोलीवर परतलो आणि तिथून रोज तीनला निघत राहिलो; पोचलो तरी शीलेच्या नजरेस पडत नसे. निघालोच नाही तर काय होईल, हा विचार आला होता. पण तीन वाजले की शीला विचारायची की मामा निघाला का, आणि गोष्टीबाहेर सुमतीला खोटं बोलता येत नाही. ते आमच्या आईचं वळण. मी खरोखर निघालेलो असणं भाग होतं.

वाट रोज वाढत गेली. पंचवीसला साडेचार वाजले. सव्वीसला साडेपाच. पावलं मोजणं मी सोडलं नाही, पण आकडे इथे देत नाही, कारण वाचणाऱ्याला ते पटणार नाहीत. ऊन मात्र हलत नसे. तीन वाजता सावली जेवढी असते तेवढीच पायाशी राहायची. आणि बांधावर आलो की सुमतीचा आवाज ऐकू यायचा. शब्द कळायचे नाहीत. सांगण्याचा ठेका तेवढा कळायचा. घर अजून दिसत नसताना तो डावीकडून यायचा, कधी विहिरीच्या बाजूने, कधी अगदी जवळून, कापलेल्या भाताच्या खुंटांमधून.

अठ्ठावीस तारखेला वाटेत एक गृहस्थ भेटले. बांधावर उभे होते. माझ्याच वयाचे. डोक्याला पागोटं, अंगात बाराबंदी. असा पोशाख मी लहानपणी आजोबांच्या अंगावर पाहिला होता. हातात केळीच्या पानाची पुडी होती. त्यांनी अदबीने नमस्कार केला.

“भाचीला ताप आहे,” ते म्हणाले. “घर इथंच कुठंतरी होतं.”

मी गावाचं नाव विचारलं. त्यांनी सांगितलेलं गाव या तालुक्यात नाही. मी म्हणालो की फार वेळ चालताय का.

“छे हो, आत्ताच जेवून निघालो. बोटांना अजून वरणाचा वास आहे.”

त्यांनी हात माझ्यापुढे धरला. पुडीचं पान हिरवंगार होतं. मी त्यांच्या खांद्यावरून पुढे पाहिलं. पुढच्या बांधावर एकजण उभा होता. त्याच्या पुढच्या बांधावर दोघं. खाडीपर्यंत बांधाबांधावर माणसं होती, सगळी माझ्या वयाची, सगळ्यांच्या हातांत काही ना काही. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. सगळ्यांनी मान एका बाजूला कलती करून धरली होती, लांबून काहीतरी ऐकताना धरतो तशी.

मी पाहणं थांबवलं. फक्त पायांकडे बघत चालत राहिलो. त्या दिवशी पोचलो तेव्हा सुमतीने दिवा लावलेला होता आणि तिचा घसा बसला होता.

७

तीस तारखेला संध्याकाळी तिने मला ओटीवर बसवून विचारलं. मी तिला काही सांगितलं नव्हतं, पण हौसाबाईने सांगितलं असावं. शिवाय माझ्या वहाणा आठवड्यात झिजून पातळ झाल्या होत्या, त्या तिने उचलून पाहिल्या.

“मी उद्या नाही सांगत,” ती म्हणाली. “मला एकच भाऊ आहे.”

“उद्या एकविसावा दिवस आहे, सुमे.”

“डॉक्टर काय, म्हणायचं म्हणून म्हणतात.”

“चोवीस तारखेला काय झालं ते तू पाहिलंस.”

माजघरातून शीलेचा श्वास ऐकू येत होता, आणि दोन श्वासांमध्ये जो खंड पडत होता तो आम्ही दोघं ऐकत होतो. मग तिनेच तोड काढली. उद्या ती मामाला घरी पोचवणार. गोष्ट पुरी करणार. गोष्ट संपली की वाटही संपेल, दादा, तू वेळेवर निघ म्हणजे झालं.

मला हे पटलं. पण एक गोष्ट मी तिला बजावली. घाई करायची नाही. घाम फुटून ताप उतरल्याशिवाय मामाला दाराशी आणायचं नाही. आधी आणलंस तर पोर त्या दिवसासारखी कान काढून घेईल, आणि या खेपेला मामाला परत बाहेर काढता येणार नाही. सात वाजोत, आठ वाजोत, तोवर मामा वाटेवरच राहू दे.

“आणि तू?”

“मी चालतो तोवर,” मी म्हणालो. “चालायचाच तर पगार घेतो.”

ती हसली नाही. माझ्या हातावर तिने हात ठेवला. तिच्या बोटांना औषधाचा वास होता. निघताना मी वळून पाहिलं तर ती ओटीच्या खांबाशी उभी होती आणि माझ्याकडे अशी बघत होती की जणू चेहरा पाठ करते आहे.

८

एक मे, रविवार. तीनचा भोंगा झाला आणि मी निघालो.

त्या चालण्याबद्दल मला थोडंच लिहिता येतं. फाटक ओलांडल्याचं आठवतं, विहीर आठवते. ताड किती होते ते मी पाहिलं नाही. सुमतीचा आवाज पहिल्यापासून ऐकू येत होता, आणि आज शब्दही कळत होते. मामाला तहान लागली, असं ती म्हणाली आणि मला लागली. मामाने घाम पुसला. मी टोपी काढून घाम पुसला. ती हळू सांगत होती, वाक्यावाक्याला थांबत होती. मधूनच शीला म्हणायची, “मग?” ते ‘मग’ आधी कुजबुजीसारखं होतं. कितीतरी वेळाने ते जरा मोठं झालं. ऊन तसंच होतं. बांधांवरची माणसं तशीच उभी होती. आज मी त्यांच्यामधून चालत होतो, आणि माझी मानही एका बाजूला कललेली आहे हे माझ्या ध्यानात आलं.

मग सुमतीचा आवाज बदलला. कापरा झाला, भरून आला. मी ओळखलं. घाम फुटला होता. पोर वाचली होती. मी तिथेच बांधावर हात जोडले.

“आणि मग,” सुमती म्हणाली, “मामाला घर दिसलं.”

मला घर दिसत नव्हतं. पुढे शेतंच होती.

मी धावायला लागलो.

“मामा अंगणात आला. मामाने वहाणा काढल्या. मामाने कडी वाजवली.”

कडी वाजली. सुमतीच्या दाराची कडी मी ओळखतो. तिचा एक दुवा सैल आहे, त्यामुळे ती वाजल्यावर थोडा वेळ खुळखुळत राहते. ती खुळखुळली, थांबली. दार उघडल्याचा आवाज आला. शीलेने “मामा!” अशी हाक मारली. त्यापुढे सुमतीचा आवाज नव्हता.

एकदम सावल्या लांबल्या. बांधांवर कुणी नव्हतं. समोर तीन ताड होते आणि त्यांच्यामागे सुमतीचं घर, ओटीवर तिरपं ऊन आलेलं. ताडांपासून दारापर्यंत दोनशे चाळीस पावलं आहेत. बरोबर दोनशे चाळीस भरली.

दार उघडंच होतं. ओटीवरून माजघर दिसतं. शीला उशीला टेकून बसली होती, केस घामाने कपाळाला चिकटलेले, चेहरा पांढराफटक आणि हसरा. तिच्या खाटेवर माझ्याकडे पाठ करून एक माणूस बसला होता. शीलेने त्याचं बोट मुठीत घट्ट धरलं होतं. तो तिला हळू आवाजात काहीतरी सांगत होता आणि ती मान डोलावत होती. खुंटीला एक काळी टोपी होती. माझा हात माझ्या डोक्याकडे गेला. माझी टोपी डोक्यावर होती.

सुमती चहाचं आधण ठेवून बाहेर आली. मला पाहून तिने पदर सावरला.

“कोण पाहिजे आपल्याला?”

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टा नव्हती. दमलेली, सुखावलेली बाई परक्या माणसाशी बोलते तशी ती बोलत होती. माझ्या जिभेवर तिचं नाव होतं. लहानपणी तिच्या कपाळाला झालेल्या खोकेची गोष्ट मला सांगता आली असती, आईचं नाव सांगता आलं असतं. पण मी एक शब्द जरी बोललो असतो तर त्या खोलीत दोन मामा झाले असते, आणि त्यांतला एक खोटा ठरला असता. आतल्या माणसाचं बोट शीलेच्या मुठीत होतं. तिने ते कसं धरलं होतं ते मी पाहिलं होतं.

“वाट चुकलो,” मी म्हणालो.

“या उन्हात? बसा ना.” तिने आतून गुळाचा खडा आणि तांब्या-भांडं आणून दिलं. मी ओटीच्या कडेला बसून पाणी प्यायलो.

“मुलगी आजारी होती वाटतं?”

“आज उतरला ताप. एकवीस दिवसांनी.” तिचे डोळे भरले आणि तिने ते पुसले नाहीत. “तिचा मामा आलाय ना.”

आतला आवाज थांबला होता. त्या माणसाने मान वळवली नव्हती, पण तो ऐकत होता. त्याच्या पाठीवरून ते कळत होतं. मी भांडं खाली ठेवलं आणि उठलो.

“कोण गं, आई?” शीलेने आतून विचारलं.

“कुणी नाही. वाट चुकलेत बिचारे.”

“मग त्यांना सांग ना,” शीला म्हणाली, “इथून सरळ जा म्हणून.”

सुमती अंगणापर्यंत माझ्याबरोबर आली आणि तिने हात करून बांधाकडची वाट दाखवली. मी तिला नमस्कार केला. तिनेही केला. मग मी सरळ निघालो.